नंबर विका, पण तो वाचता येईल असा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



बीड-परळी रस्त्यावरच्या दिंद्रुडहून हे पत्र लिहितो आहे. गाव माजलगाव तालुक्यातलं. गावाला पोलीस ठाणं आहे, बाजारपेठ आहे, आणि दिवसरात्र न थांबणारा रस्ता आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख नेणारे हायवा, तेलगावच्या साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, एसट्या, शाळेला चाललेल्या पोरींच्या सायकली आणि या सगळ्यांना कट मारत जाणाऱ्या काळ्या काचांच्या गाड्या, सगळे त्याच एका डांबरावर. आपलं खातं गाडीमालकांना पसंतीचे नंबर विकतं. विकलेला नंबर पुढे रस्त्यावर कोणत्या रूपात फिरतो, हे मात्र कुणी पाहत नाही. त्याची किंमत आमच्यासारख्या रस्त्याकडेच्या गावांना मोजावी लागते, म्हणून हे जाहीर पत्र.

पसंतीच्या नंबराची हौस मला गैर वाटत नाही, हे आधीच सांगतो. आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचं आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या कारखान्यांवर कोयता चालवायला जायचं, यात इथल्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या. अशा घरातला पोरगा पिकअप घेतो, चारचाकी दारात आणतो, तेव्हा सगळी भावकी गोळा होते. चाकाखाली लिंबू जातं, आई औक्षण करते, गावातल्या मारुतीला पहिली फेरी होते. त्याला नंबरही आपल्या मनासारखा हवासा वाटतो. कुणाला बापाचं जन्मसाल हवं असतं, कुणाला बेरीज नऊ येणारे आकडे, कुणाला पहिल्या ट्रॅक्टरचा नंबर. यात कुणाचं काही बिघडत नाही.

ही हौस नवीही नाही आणि फक्त आपली तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १९०३च्या कायद्याने मोटारींना नंबर सक्तीचा झाला. लंडनचा अगदी पहिला 'ए १' हा नंबर मिळावा म्हणून अर्ल रसेल या उमरावाने रात्र रांगेत काढली, असं सांगतात. म्हणजे तिथे नंबराची पाटी आणि नंबराचा सोस यांचा जन्म बरोबरच झाला. पण कायदा आणणाऱ्यांनी पाटी काही सोसासाठी आणली नव्हती. घोड्याला मागे टाकणारं वाहन रस्त्यावर आलं, ते माणसाला धडकून निघून जाऊ लागलं, तेव्हा ते कुणाचं हे ओळखायची सोय हवी होती. पाटी गाडीला लावलेली असली, तरी ती वाचायची असते रस्त्यावरच्या माणसाने. गाडीत बसलेल्याला ती दिसतसुद्धा नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे: नंबर मालकाच्या पसंतीचा असू द्या, पाटी मात्र समोरच्या माणसाच्या हक्काची आहे.

आपल्या खात्याने ३० ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. त्याआधीचे दर २०१३चे होते. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा जास्त मागणीच्या भागांत चारचाकीचा ०००१ हा नंबर चार लाखांवरून सहा लाखांवर गेला. आमच्यासारख्या जिल्ह्यांत तो तीन लाखांचा पाच लाख झाला. मालिकेबाहेरचा हाच नंबर मुंबईत घ्यायचा, तर १८ लाखांपर्यंत मोजायची तयारी हवी. त्याखाली ०७८६, ९९९९ अशा आकड्यांचे वेगळे दर आहेत. एकाच नंबराला अनेक अर्ज आले, तर जास्त पैसे भरणाऱ्याला तो मिळतो. हा नंबर पत्नीला, मुलाला, मुलीला देण्याची सोयही त्याच वेळी झाली. सरकारच्या तिजोरीत यातून पैसा येतो आणि देणारा तो राजीखुशीने देतो. माझी त्याला हरकत नाही.

माझी हरकत पुढच्या टप्प्याला आहे, आणि तो टप्पा आरटीओच्या फाटकाबाहेर सुरू होतो.

कोणत्याही तालुक्याच्या गावी रेडियमच्या दुकानात जाऊन उभं राहावं. कारागीर विचारतो, सरकारी पाहिजे का डिझाइन? डिझाइन म्हटलं की तो मशीनवर आकडे घेतो. चार, एक, चार, एक असा नंबर असेल तर इंग्रजी चारचं पोट गोल करतो, खालची दांडी शेपटीसारखी वळवतो, एकचा सरळ काना करतो आणि वरून एक शिरोरेघ ओढतो. पाटीवर 'दादा' उमटतं. दोन, एक, चार असेल तर 'राम' होतो. आठ, शून्य, पाच, पाच असेल तर इंग्रजीत 'बॉस' होतो. मग सुईच्या टोकाने नको असलेलं रेडियम सोलून काढलं, की पाटी तयार. वरचा जिल्ह्याचा कोड आणि मालिकेची अक्षरं मुंगीएवढी, कोपऱ्यात. हात मोठा कसबी असतो, आणि त्या कारागिराचं पोट त्यावर चालतं. पण अशी पाटी लावलेली गाडी ताशी शंभरने समोरून गेली, तर पाहणाऱ्याला 'दादा' तेवढा वाचता येतो. एमएच २३ की एमएच ४४, पुढची अक्षरं कोणती, यातलं काहीच हाती लागत नाही. आणि 'दादा' तर प्रत्येक मालिकेत एकेक असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९पासून, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. नियम ५० आणि ५१. अक्षरं इंग्रजी, आकडे इंग्रजी, चारचाकीला प्रत्येक अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, दोन अक्षरांतलं अंतर १०. मराठी पाटीचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मित्रांना मी इथे आमच्याच ऊसतोड्यांचं उदाहरण देतो. त्यांचा ट्रॅक्टर निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर रात्री उभा असतो. त्याला कुणी उडवलं किंवा त्याने कुणाला उडवलं, तर तिथल्या कन्नड पोलिसाला नंबर वाचता आला पाहिजे. मराठीचं प्रेम दाखवायला आयुष्यभराच्या जागा आहेत. ती एक पाटी त्यासाठी नाही.

नियम असा बारीक आहे, आणि तो मोडल्याचा दंड? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडला तर १,५००. ज्याने आकड्यासाठी लाख-दोन लाख भरले, त्याला हा दंड जाणवतच नाही. आमच्याकडे तर अशा गाडीला हात करायला हवालदार दोनदा विचार करतो, कारण पाटीवरचा शब्दच त्याला सांगत असतो की आत कुणीतरी दादा बसलेला आहे. पाटी बनवून घेणाऱ्यांतल्या काहींना नेमकं हेच हवं असतं.

आता साहेब, ज्या आकड्यांसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ते मांडतो.

समजा, आमच्या रस्त्यावर एका तीस वर्षांच्या माणसाला गाडीने उडवलं आणि तो गेला. महिन्याला १०,००० रुपये कमवत होता. घरात बायको, दोन लेकरं आणि आई. गाडीचा नंबर कुणी वाचला असेल, तर गाडी सापडते, तिचा विमा सापडतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईचा हिशेब घालून दिला आहे. वर्षाचे १,२०,०००. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या काळातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. झाले १,६८,०००. घरी चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १,२६,०००. त्या वयाला गुणक १७. एकूण २१ लाख ४२ हजार. इतर बाबींचे थोडे पैसे यावर वेगळे.

आणि नंबर कुणालाच वाचता आला नाही तर? फिर्यादीत 'अज्ञात वाहन' असे दोन शब्द येतात. मग त्या घराला कलम १६१ खालची धडक देऊन पळालेल्या वाहनासाठीची योजना तेवढी उरते. १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याआधी तर २५ हजार आणि साडेबारा हजारच होते. त्यासाठीही अर्ज करायचा, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल, मग जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. ही योजना आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२४मध्ये त्याची दखल घेतली, आणि अशा घरांना पोलिसांनी योजनेची माहिती द्यावी, असे आदेश दिले.

त्याच माणसाचा, त्याच रस्त्यावर, तसाच मृत्यू. एका बाजूला एकवीस लाख, दुसऱ्या बाजूला दोन. मधला फरक पाटी वाचता आली की नाही, एवढाच. आमच्या जिल्ह्यात ०००१ हा नंबर पाच लाखांना आहे. न वाचता येणाऱ्या पाटीच्या गाडीखाली मेलेल्या माणसाच्या घराला दोन लाख आहेत. हे दोन्ही आकडे कायद्याने ठरलेले आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की मला रात्री झोप लागत नाही.

जानेवारी २०२५मध्ये परळी तालुक्यात राखेच्या टिपरने सौंदाना गावच्या सरपंचांचा जीव घेतला, तेव्हा अवघा जिल्हा हळहळला. राखेच्या गाड्यांवर बोट ठेवलं गेलं, ठेवायलाच हवं होतं. त्या गाड्यांच्या मागची पाटी अनेकदा राखेने आणि चिखलाने इतकी माखलेली असते की तिच्यावर नंबर आहे की नाही, हे थांबलेल्या गाडीजवळ जाऊनही कळू नये. मालवाहू गाडीने नंबर दोन्ही बाजूंना, हौद्यावरही रंगवायचा असतो. तो किती गाड्यांवर दिसतो, हे आपल्या एखाद्या निरीक्षकाने आमच्या फाट्यावर एक सकाळ उभं राहून पाहावं. उसाच्या ट्रॉल्यांचं तेच. पुढे ट्रॅक्टरला नंबर असतो, आणि ज्या दुसऱ्या ट्रॉलीखाली माणूस सापडतो, तिच्या मागे लोंबणाऱ्या वाढ्यांशिवाय काही दिसत नाही. हौशी 'दादा' आणि माखलेली पाटी, यांत मी फरक करत नाही. रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही सारख्याच मुक्या.

जातीचा विषयही टाळून चालणार नाही. मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४मध्ये खून झाला, आणि त्यानंतर या जिल्ह्यात आडनाव ऐकून माणूस मोजायची रीत आणखी घट्ट झाली. अशा वेळी, मार्च २०२५मध्ये, बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी एक साधी गोष्ट केली. पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, फक्त पहिलं नाव ठेवलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोर पोलीस दिसावा, जात दिसू नये, एवढाच हेतू. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. पण ठाण्यात ज्या पाटीवरून आडनाव गेलं, त्याच ठाण्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या पाटीवर आडनाव, समाजाचं नाव, नेत्याचं नाव आकड्यांच्या आडून वर येतं. ठाण्यातल्या टेबलाची पाटी अधीक्षकांच्या हातात होती, त्यांनी बदलली. गाडीची पाटी आपल्या हातात आहे.

उच्च सुरक्षा पाटी हा यावरचा उपाय, हे मलाही पटतं. ॲल्युमिनियमची पाटी, त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक, निळ्या रंगात भारताची खूण, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. ठशाने उठवलेल्या आकड्यांना वाकवून 'दादा' करता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती बसूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी आपण दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी, असा दर ठरवला. म्हणजे दुचाकीला ५३१ आणि चारचाकीला ८७९. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. मुदत वाढली म्हणून शहरातला माणूस आळशी ठरवता येईल, खेड्यातला नाही. ऑनलाइन वेळ घ्यायची, केंद्र तालुक्याला किंवा त्याहून लांब, ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन जायची, आणि तो दिवस रोजगार बुडवायचा. दुचाकीवर दूध घालणाऱ्या माणसाला पाचशे एकतीस रुपयांपेक्षा तो बुडालेला दिवस जास्त जड जातो. गरीब माणूस जुन्या पाटीमुळे दंडाच्या धाकात राहतो, आणि लाखाचा नंबर घेतलेला माणूस नवीकोरी सुरक्षा पाटी उखडून डिझाइनची लावतो. दोघांकडेही एकाच नजरेने पाहू नका, अशी विनंती आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिला वाट द्यायला हवी. पसंतीचा नंबर मिळतो तो नव्या गाडीची नोंदणी करताना. आमच्याकडे येणाऱ्या किती तरी गाड्या पुण्याकडून वापरून आलेल्या असतात, एमएच १२ आणि एमएच १४च्या. ज्याने आयुष्यात पहिली गाडी जुनी घेतली, त्याच्या हौसेला सरळ दार नाही. मग तो आहे त्याच नंबराला रेडियमवाल्याकडून हवं ते रूप देतो. मालकी बदलताना, ठरलेला दर भरून नंबर बदलून घेण्याची सोय करता येईल. जुना नंबर, नवा नंबर आणि विमा-कर-दंडाचा सगळा इतिहास चेसिस क्रमांकाला बांधलेला राहील, इतकं आपलं 'वाहन' संगणकजाळं आज समर्थ आहे. सरळ दार उघडलं, तर मागच्या दाराने जाणारे निम्मे कमी होतील, असा माझा विश्वास आहे.

पसंतीच्या नंबराची शेवटची पावती देताना एक हमीपत्र घ्यावं, अशी माझी मुख्य मागणी आहे. पाटी नियमातलीच राहील. ती बदललेली, झाकलेली किंवा काढलेली दुसऱ्यांदा सापडली, तर पसंतीचा नंबर रद्द, भरलेली रक्कम सरकारजमा, आणि गाडीला पुढचा साधा नंबर. ५०० रुपयांना न भिणारा माणूस पाच लाखांना भिईल. यासाठी नियमात बदल लागणार असेल तर तो करावा. दर वाढवण्यासाठी अधिसूचना निघू शकते, तर या कामासाठीही निघू शकते.

दुसरं पैशाबद्दल. एप्रिल २०२३मध्ये दुबईत 'पी ७' हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला, आणि तो लिलावच मुळी भुकेल्यांना जेवण देण्याच्या मोहिमेसाठी होता. तिथल्या धनिकांची हौस कुणाच्या तरी ताटापर्यंत पोहोचली. आपल्याकडे पसंतीच्या नंबरांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्या त्या जिल्ह्यात राहावा. त्यातून सुरक्षा पाट्या बसवणाऱ्या गाड्या आठवडी बाजारांच्या गावी याव्यात. ट्रॉल्या आणि टिपर यांच्या पाट्या हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या आणि वीज केंद्राच्या दारातच तपासल्या जाव्यात, वाचता न येणारी पाटी असलेल्या गाडीला आत वजनकाट्यावर घेऊच नये. आणि 'अज्ञात वाहना'खाली गेलेल्या माणसाच्या घराला केंद्राच्या दोन लाखांवर राज्याची भर मिळावी. ज्यांना आकडा मिरवायचा आहे, त्यांच्या पैशातून ज्यांना आकडा वाचता आला नाही, त्यांना थोडा आधार मिळेल.

रेडियमच्या दुकानदारांवर धाडी घालून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांच्या हातात कसब आहे. अधिकृत पाट्या बसवण्याचं काम तालुक्या-तालुक्यात त्यांना प्रशिक्षण देऊन सोपवता आलं, तर डिझाइन काढणारा हातच नियमाची पाटी बसवील, आणि त्याची चूलही पेटती राहील.

बीड आणि अंबाजोगाईच्या कार्यालयांत एक मालिका ९९९९ला संपली की नवी उघडते, आणि पहिल्या दिवसापासून अर्ज यायला लागतात. पुढची मालिका उघडण्याआधी या हमीपत्राचा मसुदा आपल्या टेबलावर यावा, आणि त्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यापासून व्हावी. दिंद्रुडच्या फाट्यावर तपासणी ठेवलीत तर गावातली आम्ही माणसं पंचनाम्याला, साक्षीला आणि पाण्याच्या घागरीला हजर राहू.

आपला,
दिंद्रुडचा एक रहिवासी
(ता. माजलगाव, जि. बीड)